टक्केकाका

टेक्सासात डॅलसच्या उत्तरेला प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी अशी उपनगरं आहेत. तिथे मराठी माणसाने घर घेतलं की त्याच्या मागे चार गोष्टी लागतात: मॉर्गेज, लॉन, मंडळाची वर्गणी आणि टक्केकाका. पहिल्या तिन्हींना पैसे पडतात. काका फुकट येतात आणि लवकर जात नाहीत.

वास्तुशांतीला बाकीची मंडळी ग्रॅनाइटवर हात फिरवून बघत असतात, तेव्हा काका प्रसादाची वाटी घेऊन अंगणात उभे असतात. मान वर, नजर छपरावर. मुलं कितवीत आहेत हे ते नंतर विचारतात. आधी छपराचं वय विचारतात. मग हलक्या आवाजात, एखाद्याचा पगार विचारावा तसं, "वारा-गारा किती टक्के?"

यजमान बिचारा सांगतो, "एजंट म्हणाला, दोन टक्के. किरकोळच आहे."

"कशाचे दोन टक्के?"

"नुकसानीचे... ना?"

काका डोळे मिटतात. याच उत्तरासाठी ते आलेले असतात. "डेक पेज आण," ते म्हणतात. पॉलिसीच्या पहिल्या पानाला काका डेक पेज म्हणतात आणि ते देवघरात ठेवायला हरकत नाही असं त्यांचं मत आहे.

"हे बघ. घर नव्याने बांधायला किती लागतील, त्या रकमेचा हा विमा. पाच लाख डॉलर. दोन टक्के या पाच लाखांचे. म्हणजे पहिले दहा हजार तुझे, हेच तुझं डिडक्टिबल. गारांनी छप्पर फोडलं, खर्च आला चौदा हजार, तर कंपनी देणार चार. खर्च आला नऊ हजार, तर कंपनी देणार शुभेच्छा."

यजमानाच्या हातातला शिरा थंड होतो. काका मात्र आता तापलेले असतात. आग लागली, पाइप फुटला तर डिडक्टिबल वेगळं, वारा-गारांचं वेगळं, हे सांगून होतं. विम्याची रक्कम दरवर्षी वाढत जाते, त्यामुळे टक्के तेच राहून डॉलर कसे वाढतात, हेही होतं. "आणि पुराचं पाणी यात नाही हो! त्याची पॉलिसी निराळी," हे वाक्य ते चप्पल घालता घालता म्हणतात. चप्पल घातल्यावर अर्धा तास तरी ते दारातच असतात.

कारण दारात इतिहास सुरू होतो. 1992 साली अँड्र्यू हे हरिकेन फ्लोरिडावर आदळलं, अनेक विमा कंपन्या बुडाल्या, आणि उरलेल्यांनी वादळापुरतं ठरावीक रकमेऐवजी टक्क्यांवर बोट ठेवलं. टँपाला काकांचा भाचा राहतो. त्याचा काकांना हेवा वाटतो. "तुमचं बरं आहे. हरिकेनचं डिडक्टिबल कॅलेंडर वर्षात एकदाच. आम्हाला एप्रिलमध्ये गारा, पुन्हा मेमध्ये गारा, आणि दर क्लेमला नवे दहा हजार." भाच्याकडे दर वर्षी जूनपासून वादळांची टांगती तलवार असते, ही गोष्ट काकांच्या हिशेबात धरलेली नसते.

सगळ्यात आवडती कथा मात्र सँडी या वादळाची. 2012 च्या ऑक्टोबरात ती न्यू जर्सीच्या किनाऱ्याला लागणार, तेवढ्यात हवामान खात्याने तिचं 'हरिकेन' हे पद काढून घेतलं. जोर तसाच, पद तेवढं गेलं. लगेच न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या सरकारांनी कंपन्यांना बजावलं, हरिकेनचं डिडक्टिबल लावायचं नाही. "वाऱ्याची पदावनती झाली आणि लोकांचे हजारो डॉलर वाचले," काका सांगतात. स्वतः सरकारी नोकरीतून आल्यामुळे पदावनतीने कुणाचं तरी भलं झालेलं पाहून त्यांना विशेष समाधान वाटतं.

वर्षभर लोक काकांना टाळतात. मंडळाच्या गुढीपाडव्याला त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी असते. आणि मग एका रात्री एक इंचाहून मोठ्या गारा पडतात. सकाळी गल्लीत शिडी लावलेले ट्रक येतात, दारोदार रूफर फिरतात आणि गोड हसून म्हणतात, "डिडक्टिबलची काळजी करू नका, ते आम्ही सांभाळून घेऊ."

त्या दिवशी काकांचा फोन घामाघूम होतो. काका पायजम्यावरच रस्ता ओलांडून येतात. "सांभाळून घेतो म्हणाला? 1 सप्टेंबर 2019 पासून टेक्सासात ते बेकायदा आहे! डिडक्टिबल तुलाच भरावं लागतं, आणि भरल्याचा पुरावा कंपनी मागू शकते." रूफर शिडी आवरतो. यजमान काकांना चहा देतो. पहिल्या चेकमधून छपराच्या वयाची वजावट का झाली आणि काम पूर्ण झाल्यावर ती परत मिळते की नाही, हे काका त्या चहावर समजावतात. आता कुणीही घड्याळ बघत नाही.

काकांचं स्वतःचं डिडक्टिबल एक टक्का. त्यासाठी ते दर वर्षी जास्त प्रीमियम भरतात आणि ते अभिमानाने सांगतात. अडचण एवढीच की गारा कायम रस्त्याच्या पलीकडे पडतात. समोरच्याचं छप्पर दोनदा नवं झालं; काकांच्या शिंगल्सना ओरखडा नाही. दर वादळानंतर ते दुर्बीण घेऊन स्वतःच्या छपरावर एखादा तरी खड्डा शोधतात आणि खट्टू होऊन आत येतात.

काकू कोथिंबीर निवडत असतात. मान वर न करता म्हणतात, "पुढच्या वर्षी दोन टक्के करा. बघा कशा धो धो पडतात."