कोरडवाहू डोळे

आरशासमोर उभे राहा आणि खालची पापणी नाकाच्या बाजूने किंचित बाहेर ओढा. काठावर एक बारीक भोक दिसेल, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. वरच्या पापणीलाही तसंच एक असतं. दोन डोळ्यांची मिळून चार. मी इतकी वर्षं आरशात बघून दाढी करत आलो, पण आपल्या चेहऱ्याला ही जादा भोकं आहेत याचा पत्ता नव्हता. नाकाची दोन, कानांची दोन आणि तोंड, इथेच माझा हिशेब मिटत होता.

ही चार म्हणजे डोळ्यांचा सांडपाण्याचा मार्ग. पापणी उघडझाप करते तसतसं डोळ्यातलं पाणी या भोकांतून आत ओढलं जातं, तिथून एका छोट्या पिशवीत आणि पिशवीतून नळीने थेट नाकात. डोळ्यात औषध टाकलं की थोड्या वेळाने घशाशी कडू लागतं ते त्यामुळेच. आणि हमसून हमसून रडणारा माणूस डोळ्यांच्या आधी नाक पुसतो, तेही त्यामुळेच.

हे शरीरशास्त्र मी हौसेने शिकलेलो नाही. डोळे चुरचुरायचे, दुपारनंतर आत कुणी मूठभर रेती टाकल्यासारखे खुपायचे, आणि भरीला पाणी गळायचं. 'डोळ्यांतून सारखं पाणी येतं' ही तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी दिव्याच्या यंत्रावर माझी हनुवटी टेकवून घेतली, डोळ्यात केशरी रंग सोडला, निळ्या उजेडात बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "काका, तुमचे डोळे कोरडे आहेत."

मी रुमालाने गाल पुसत ते ऐकून घेतलं.

मग त्यांनी कागदाच्या पट्ट्या काढल्या. 5 मिलिमीटर रुंद, 35 मिलिमीटर लांब. ओटो शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरने 1903 मध्ये ही परीक्षा काढली आणि अजून तीच चालते. पट्टीचं टोक दुमडून खालच्या पापणीत अडकवायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं आणि कागद किती भिजला ते मोजायचं. दहाच्या वर गेला तर सहसा काळजी नाही, पाचच्या आत राहिला तर दुष्काळ. दोन्ही डोळ्यांतून पांढऱ्या पट्ट्या लोंबतायत अशा अवस्थेत मी बाकावर बसलो होतो, आणि समोरचा लहान मुलगा आईच्या मागे लपत होता. माझी पट्टी चाराच्या पुढे सरकली नाही. गणितात मी कायम काठावर पास झालो, पण रडण्यात चक्क नापास.

ते गळणारं पाणी कुठून येतं मग? बाईंनी समजावून सांगितलं. डोळ्यावर कायम पाण्याचा एक पातळ पापुद्रा लागतो. त्याच्या वर तेलाचा थर, म्हणजे पाणी लगेच उडून जात नाही. हा पापुद्रा टिकला नाही की डोळा कोरडा पडतो, झोंबतो, आणि मेंदू घाबरून एकदम लोंढा सोडतो. लोंढा गालावरून निघून जातो, डोळा पुन्हा कोरडाच. रोजचं खरं पाणी मिनिटाला 1 ते 2 मायक्रोलिटर, म्हणजे एका डोळ्याचं दिवसभराचं चमचाभरही होत नाही. त्यातही मोबाइल-कॉम्प्युटरसमोर बसलं की आपण पापण्या लवायच्याच विसरतो.

आधी थेंब झाले, तासातासाला. मग बाई म्हणाल्या, "पाणी वाढत नाही, तर आहे ते जाऊ द्यायचं नाही. भोकांना प्लग बसवूया."

घरी येऊन मी ही बातमी दिली तेव्हा अण्णा आलेले होते. अण्णा म्हणजे हिचे थोरले भाऊ, कोल्हापूरचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले शाखा अभियंता. खातं सुटलं तरी पाटबंधारे सुटलेले नाहीत. त्यांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं, चहा बशीत ओतला आणि निकाल दिला.

"पाव्हणं, हा तर कोल्हापुरी बंधारा की वो!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नदीत दगडी खांब असतात आणि त्यांच्या खाचांत फळ्या बसवतात, त्यांना बरगे म्हणतात. पावसाळा सरला की बरगे घालायचे आणि उरलेलं पाणी अडवायचं. पावसाळ्याआधी काढून टाकायचे, म्हणजे पूर आला तरी वाट मोकळी. माझ्या डोळ्याची योजना अण्णांना त्यापुढे समजावून सांगावी लागली नाही. उलट त्यांनीच मला सांगायला सुरुवात केली.

"बरगा घालायच्या आधी गाळ काढला काय?"

मी हसलो. पण पुढच्या खेपेला बाईंनी नेमकं तेच विचारलं. पापण्यांच्या कडेला सूज असेल, तेलाच्या ग्रंथी तुंबल्या असतील, तर ते घाण पाणी डोळ्यातच साठतं आणि झोंबणं वाढतं. म्हणून आधी गरम पाण्याच्या फडक्याने शेक, पापण्यांच्या कडा पुसून घेणं, आणि मगच बंदिस्ती. पाटबंधारे खात्याला नेत्रविभागही जोडावा, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

अण्णांचा पुढचा प्रश्न : "पक्कं धरण का नको?" तोही प्रकार होऊन गेलेला आहे. 1935 मध्ये अमेरिकेत बीथम नावाच्या डॉक्टरने ही भोकं डाग देऊन कायमची बंद केली होती. जेरी फ्रीमन यांनी सिलिकॉनचा प्लग आणला तो 1975 मध्ये. त्याची खुबी अशी, की नको वाटला तर चिमट्याने काढता येतो. "बरोबर," अण्णा म्हणाले, "पुराची सोय पायजेच."

आधी चाचणी म्हणून कोलॅजनचे प्लग घातले. ते काही दिवसांत आपोआप विरघळतात. बरं वाटलं, म्हणून मग सिलिकॉनचे, तेही फक्त खालच्या पापण्यांत. "काका, वर बघा. हलू नका." बधिरतेचा थेंब, मग भोक किंचित रुंद करणारी एक सुई. सुई डोळ्याकडे येताना वर बघायचं असतं, हे ज्याने ठरवलं त्याला माणसाचा स्वभाव चांगला माहीत असणार. मग एक बारीकसा दाब, बस्स. पापणी ओढून बघितली तर भोकाच्या जागी प्लगचं टिकलीएवढंही नसलेलं पारदर्शक डोकं. नव्या चपलेसारखं दोन दिवस जाणवलं, मग विसरलो.

चुरचूर गेली. घशातली कडू चव कमी झाली. आणि माझी प्रतिष्ठा गेली.

मी नात्यागोत्यात कोरडा माणूस म्हणून प्रसिद्ध. 1991 साली 'माहेरची साडी' बघून अख्खं थिएटर ओले रुमाल पिळत बाहेर पडलं, तेव्हा मी सायकल स्टँडच्या पावतीचा हिशेब करत होतो. मुलीच्या पाठवणीला माझ्या डोळ्यात टिपूस नव्हता. सासरच्यांनी हे वाक्य पुढे कितीतरी लग्नांत वापरलं. माझं पाणी आतल्या आत नाकावाटे जात असेल, ही शक्यता कुणी विचारात घेतली नाही, अर्थात मीही नाही. आता जरा वारा लागला, एसीखाली बसलो, की कडेला थेंब जमतो, थरथरतो आणि सांडव्यावरून गालावर येतो.

ज्या साहेबांच्या नावाने मी नोकरीभर बोटं मोडली, त्यांच्या निरोप समारंभात मला दोन शब्द बोलायला उभं केलं. पंखा बरोबर डोक्यावर. "साहेबांबद्दल काय बोलावं..." एवढंच म्हणालो आणि पाणी वाहायला लागलं. खरोखरच काय बोलावं ते सुचत नव्हतं, पण सभागृहाने त्याचा वेगळा अर्थ लावला. साहेबांनी खुर्ची सोडून मला मिठी मारली. त्यांचेही डोळे भरले, तेही बिनप्लगचे. तेव्हापासून दर रविवारी त्यांचा फोन येतो.

ही म्हणाली, "पोरीच्या पाठवणीला नाही, आणि काल सिलिंडरवाल्यासमोर?"

"दारातून वारा येत होता."

"मांडवातही पंखे होते."

याला उत्तर नाही. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, त्रास होत असेल तर काढून टाकू. मी नको म्हटलं. साहेबांचे फोन परवडले, ती रेती नको.

मग एका सकाळी टॉवेलने तोंड पुसलं आणि डावीकडचा प्लग गायब. हे बऱ्याच जणांचं होतं म्हणे. पण मिलिमीटरभराची पारदर्शक वस्तू बाथरूमच्या पांढऱ्या फरशीवर, ती शोधायला आम्ही दोघं टॉर्च घेऊन गुडघ्यांवर. हिने घरात केर काढायला बंदी घातली. अण्णांना फोनवर सांगितलं.

"बरगा चोरीला गेला म्हणायचं. आमच्याकडं हे नेहमीचंच. पंचनामा केला काय?"

बाईंनी माप घेऊन एक नंबर मोठा बसवला. अण्णांना तेही कळवलं, कारण न कळवून सुटका नव्हती. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही.

"मोठं माप? खर्च वाढला असणार. सुधारित प्रशासकीय मान्यता घेतली काय?"

मान्यता हिने आधीच दिली होती. फक्त त्यावर शेरा मारला होता : टॉवेल इथून पुढे मी देईन तोच वापरावा.