सपाट देशातला गिर्यारोहक

लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दोघांनी कुठे जावं, याची यादी मुलीनं पाठवली, तिच्यात पहिली काशी होती. दुसरी शिर्डी, आणि तिसरी केरळातली हाउसबोट, जिच्यात माणसानं बसायचं, खायचं आणि पुन्हा बसायचं, एवढीच अपेक्षा असते. मुलगा जरा पुढारलेला. त्यानं एका टूरचं पत्रकच पाठवलं: खास ज्येष्ठांसाठी, चालणं कमीत कमी, जेवण मराठी, सोबत डॉक्टर. उत्तरादाखल मी त्याला माझ्या मनगटाचा फोटो पाठवला. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं आणि घड्याळात त्या दिवसाचा आकडा. तो पाच आकडी होता. (रात्री बातम्या बघताना हात नुसता हलवत राहिलं तरी शेवटची काहीशे पावलं पडतात, हे त्याला कळवायचं कारण नव्हतं.)

इथे बहरीनमध्ये अरादच्या खाडीभोवती जो चालायचा रस्ता आहे, त्यावर संध्याकाळी मला ओळखत नाही असा माणूस विरळा. म्हणजे ओळखतात ते हिला. ही घड्याळ लावत नाही, बूट साधे, वाटेत दोन बहरीनी आजीबाईंची विचारपूस करते, मांजरांना हाक मारते, कोणाच्या तरी नातवाचा सुटलेला पतंग धरून देते आणि तरीही माझ्यापुढे असते. मी मागून येतो तो व्यायाम करत. एकदा एका तरुणानं अदबीनं विचारलं, "अंकल, बेंचवर बसणार का?" त्या दिवसापासून मी त्या वळणावर वेग वाढवतो.

आता उत्साहाला वाट हवी तर ह्या देशात चढ हवा. तो नाही. बहरीनचं सर्वोच्च शिखर म्हणजे जबल दुखान, उंची 134 मीटर. मी जन्मानं नारायण पेठेतला. आमच्या स्वारगेटचा एस.टी. स्टँड ह्या देशाच्या शिखरापेक्षा चौपट उंचीवर आहे. तिथं उभं राहून कंडक्टरशी सुट्या पैशांवरून भांडणारा माणूससुद्धा बहरीनच्या हिशेबानं गिर्यारोहकच. हे मी इथे आल्यापासून भेटेल त्याला सांगत आलोय आणि अजून एकानंही हवी तेवढी दाद दिलेली नाही.

आणि किल्ला! आमच्या घरापासून चालत जाता येईल असा अरादचा किल्ला आहे. पंधराव्या शतकातला मानतात. पुढे पोर्तुगीज येऊन गेले, 1800 च्या सुमारास ओमानवाल्यांनी घेतला. चौकोनी, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, भोवती खंदक. पण तो उभा आहे सपाटीवर, पाण्याच्या कडेला, पार्किंगपासून हाकेच्या अंतरावर. मराठी माणसाला किल्ला म्हटलं की आधी धाप हवी. मधे एक करवंदाची जाळी, एक ताकवाली मावशी, 'अजून किती राहिलं?' असं विचारल्यावर 'आलंच की' असं खोटं सांगणारा उतरणारा ग्रुप. इथे गाडीतून उतरलं की किल्ला आलाच. पहिल्या भेटीत मी बुरुजावर उभा राहून हिला म्हणालो, "ह्याला आम्ही गढी म्हणतो." ही म्हणाली, "तुमच्या नारायण पेठेत तीही नाही."

डागडुजी मात्र बघण्यासारखी. 1980 च्या दशकात ती झाली तेव्हा समुद्रातला प्रवाळाचा दगड, चुना आणि झाडांची खोडं असं जुनंच सामान वापरलं. भिंतीला हात लावला की बोटांना खरखरीत, भोकाभोकांचा दगड लागतो. कधीकाळी जिवंत असलेला. आपल्याकडच्या गडांवर सिमेंटचे बाक आणि त्यांवर देणगीदारांची नावं बघितलेल्या माणसाचा इथे जरा आवाज बसतो. पण तो जरासाच. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं 12 मराठा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, तेव्हा मी पेढ्यांचा पुडा घेऊन शेजारच्या बहरीनी गृहस्थांकडे गेलो आणि राजगडाची बालेकिल्ल्याची वाट मी स्वतः खोदल्यासारखा अभिनंदन स्वीकारू लागलो. त्यांनी पेढा खाल्ला, छान म्हणाले, आणि सहज सांगितलं की त्यांचा बहरीन किल्ला त्या यादीत 2005 पासून आहे. शिवाय आमच्या मुहर्रकमधली मोत्यांची वाट 2012 पासून. मी दुसरा पेढा पुढे केला.

तर माझ्या डोक्यात होतं जॉर्जिया. आखातातला भारतीय हल्ली सुटी मिळाली की जॉर्जिया, अझरबैजान नाहीतर आर्मेनिया गाठतो. काझबेगीला 2170 मीटरवर ते एकटं चर्च आहे ना, मागे बर्फ, पुढे हिरवं कुरण, त्याच्या पुढे मी. फोटोत हीसुद्धा असणारच होती. दुसरा पर्याय जपान, मार्चअखेरची साकुरा. तिसरा श्रीनगरचं ट्युलिपचं उद्यान. तिन्हींत फुलं होती, तिन्हींत चढ होता. काझबेगीसाठी मी घोट्यापर्यंतचे बूट घेतले आणि ते सैल व्हावेत म्हणून खाडीवर घालून फिरू लागलो. वाळवंटी बेटावर बर्फाचे बूट घातलेला गृहस्थ दिसल्यावर ते अदबीचे तरुणसुद्धा बेंच विचारेनासे झाले.

आमच्या ओळखीतले सगळे धडधाकट लोक मुंबईच्या विमानतळावर उतरले की एकाएकी पंगू होतात, याचाही मला संताप येतो. खाडीवर माझ्यापुढे तीन फेऱ्या मारणाऱ्या एक वहिनी, विमानातून उतरताच व्हीलचेअरवर विराजमान होतात, रांग टाळून इमिग्रेशन पार करतात आणि बॅगांच्या पट्ट्याशी उठून दोन्ही बॅगा स्वतः ओढतात. मी तत्त्व म्हणून रांगेत उभा राहतो. ही म्हणते, "तुमचं तत्त्व नेहमी आपल्या टॅक्सीला उशीर करतं."

याद्या, पत्रकं, माझे बूट, सगळं महिनाभर चाललं. हिनं एकही नाव सुचवलं नाही. मग एका रात्री जेवताना आमटी वाढता वाढता म्हणाली, "मला शिमग्याला जायचंय."

हिचं माहेर देवरुखजवळ. मी म्हटलं, "अगं, तिथे तर आपण दरवर्षी जातो."

"जुलैत जातो," ही म्हणाली.

आखातातल्या माणसाला आपला मुलूख एकाच ऋतूत भेटतो. इथल्या भारतीय शाळांना मोठी सुटी जुलै-ऑगस्टात, त्यामुळे आमचा महाराष्ट्र कायम ओला. मुलं लहान होती तेव्हा त्यांची समजूत होती की आजोळी ऊन पडतच नाही आणि सगळ्या टॉवेलांना तो वास असतोच. पळस, पांगारा फुललेला बघून किती वर्षं झाली, ते आम्हाला आठवत नाही. हापूस आम्ही खाल्ला तो मनामातून, पेटीवर दिनारांचा आकडा बघून. आणि मार्च म्हणजे परीक्षा. लग्नाचा वाढदिवस कुठल्या ना कुठल्या पेपरच्या आदल्या रात्री येई. श्रीखंडाचा डबा उघडायचा तो अवघड गणित सुटल्यावर. मुलं शिकून बाहेर पडली, तोवर ती सवयच होऊन गेली.

हिच्या गावात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. अंगणात नाचवतात, गाऱ्हाणं घालतात, माहेरवाशिणी देवीची ओटी भरतात. हिची आई होती तोवर दरवर्षी हिच्या नावाची ओटी वेगळी भरायची आणि रात्री फोनवर सांगायची. हल्ली हिच्या वहिनी व्हिडिओ कॉल लावतात. पडद्यावर ढोलाचा फाटका आवाज, कुणाचा तरी कान आणि क्षणभर चांदीचा मुखवटा. ही स्वयंपाकघरात उभी राहून त्या कानाला नमस्कार करते. आई गेली तीही मार्चातच. मुलाची दहावीची परीक्षा चालू होती. ही पोचली ती तेराव्याला. सुतक होतं, म्हणून त्या वर्षी पालखी त्यांच्या अंगणात आली नाही, पुढच्या घरी गेली. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आमटी वाढून झाल्यावर सांगितलं.

सौदीला जोडणारा पूल आणि आमचा संसार एका वयाचे. पूल 1986 चा, लांबी 25 किलोमीटर, सीमा बरोबर मधोमध आणि टोल जाताना-येताना दोन्हीकडे. त्या रात्री टोल भरायची पाळी माझी होती. मी म्हटलं, "शिमगा ठरला."

मुलीला कळवलं तर ती म्हणाली, "बाबा, पण तिथे करण्यासारखं काय आहे? तुम्ही एवढे ॲक्टिव्ह." शब्द ऐकून बरं वाटलं आणि त्याच भरात मी जाहीर केलं की जावई या नात्यानं मी पालखीला खांदा देणार. पालखी नाचवतात म्हणजे नुसती वाहत नाहीत. ढोल चढला की ती डोक्यावर घेऊन गरागरा फिरतात, आणि फिरवणाऱ्या पोरांची वयं माझ्या बुटांच्या नंबराच्या तिप्पटही नसतात. हिचे भाऊ फोनवर इतकंच म्हणाले, "या तर खरं, दाजी."

तयारी चालू आहे. खालच्या वाण्याकडून, म्हणजे इथल्या भाषेत कोल्ड स्टोअरमधून, तांदळाची वीस किलोची गोणी मी आता खांद्यावरून आणतो. दुकानातला मल्याळी पोरगा ट्रॉली घेऊन चार पावलं मागून येत असतो, त्याच्याकडे मी बघत नाही. गोणी नाचवून बघण्याचा एक प्रयोग लिफ्टमध्ये झाला, त्याबद्दल सोसायटीच्या वॉचमननं तोंड उघडलेलं नाही.

तिकिटं हिनं काढली. मी ती छापून घेतली आणि पुढे ठेवून तारखा तपासल्या. माझ्या नावापुढे व्हीलचेअर मागितलेली होती.

"अगं, हे काय?" मी ओरडलो. "जाताना मी रांगेतच उभा राहणार!"

"नीट वाचा," ही म्हणाली. "जातानाची नाहीच मागितली. येतानाची आहे."