आमचुराशेजारी अर्नाळकर

जुनी पुस्तकं जमवायची हौस असलेल्या माणसाने कुठे राहू नये याची यादी कुणी केली, तर त्यात सातपुड्यातल्या काठी गावाचा नंबर बराच वर लागेल. पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींना रद्दीची दुकानं असतात, फुटपाथ असतात, रविवारी सकाळी हात काळे करून घ्यायला हक्काच्या जागा असतात. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून इकडे आलं की रद्दी नावाची वस्तूच संपते. कागद येतो तो बाजारातल्या पुडीच्या रूपाने, आणि पुडी सुटली की चुलीत जातो. मोलगीच्या बाजारात भगर मिळते, आमचूर मिळतं, हंगामात मोहाची फुलं मिळतात. नारायण धारप मिळत नाहीत.

तरीही नोकरीपायी इथे आलेल्या माझ्या खोलीत धान्य जमिनीवर आणि पुस्तकं पत्र्याच्या पेट्यांत अशी व्यवस्था आहे. पेट्यांत काय आहे म्हणाल, तर ज्यांना ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात कधी बसवून घेतलं नाही अशी सगळी मंडळी. बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, धारप, सुहास शिरवळकरांचे सुरुवातीचे दारा बुलंद आणि मंदार पटवर्धन, ‘नवल’चे अंक, कोपरे दुमडलेले चांदोबा, आणि सगळ्यात तळाशी, कापडात गुंडाळून, इंद्रजाल कॉमिक्स. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. नाईकांचा आकडा बाराशेच्या पुढे गेल्याचं सांगतात. एवढं लिहूनही वाङ्मयाच्या इतिहासात यांच्या वाट्याला आलेल्या ओळी मोजायला दोन हातांची बोटं पुरतील. एका पिढीने ती पुस्तकं भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचली, आणि त्याच पिढीने मोठं होऊन मुलांना ‘चांगलं काहीतरी वाच’ असं सांगितलं.

यातलं सगळंच काही थोर नाही, हे मलाही कळतं. पण मुखपृष्ठं बघा. अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांना चेहरे दिले ते रघुवीर मुळगावकरांनी. याच मुळगावकरांच्या लक्ष्म्या आणि राम-सीता कॅलेंडरांवरून घरोघरच्या भिंतींवर गेल्या आणि लोकांनी त्यांना हळदकुंकू वाहिलं. भिंतीवर पूज्य आणि उशीखाली त्याज्य, दोन्हींचा ब्रश एकच! मुळगावकरांच्या मुखपृष्ठावरची बाई संकटात असली तरी तिची केशरचना विस्कटत नाही. पिस्तूल रोखलेला माणूसही असा उभा असतो की आत्ताच फोटोग्राफरने ‘हनुवटी जरा वर’ म्हटलं असावं.

पुस्तकांना इथे दोन शत्रू आहेत. पाऊस आणि वाळवी. पावसाळ्यात सातपुड्यातलं धुकं खोलीत येऊन बसतं आणि जुना न्यूजप्रिंट ते पाणी पिऊन घेतो. म्हणून दर एप्रिलात पेट्या उपसायच्या आणि पुस्तकांना ऊन दाखवायचं. नेमका हाच काळ आमचुराचा. कैऱ्या सोलून, फोडी करून प्रत्येक अंगणात वाळत घातलेल्या असतात. माझ्या खोलीसमोरही शेजारणीच्या फोडी असतात, आणि त्यांच्या कडेने, तिच्या परवानगीने, माझे अर्नाळकर. पांढऱ्या फोडींची एक रांग आणि पिवळ्या पुस्तकांची एक. वाऱ्याने पानं उघडतात, शेजारीण येता-जाता त्यांवर दगड ठेवते, कोंबड्या हाकलते. माझ्या संग्रहाला एवढी चोख राखणदार कुठल्याही वस्तुसंग्रहालयात मिळाली नसती.

एकदा आमचूर घ्यायला व्यापाऱ्याचा माणूस आला. त्याने कैरीची फोड मोडून बघितली, मग सवयीने शेजारच्या पुस्तकाचं पानही चिमटीत धरून बघितलं. कोपरा कडकन तुटला.

“हे चांगलं वाळलंय,” तो म्हणाला. “काय भाव?”

“विकायचं नाही.”

“मग वाळवता कशाला?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेजारीण मध्ये पडली आणि त्यांच्या बोलीत त्याला काहीतरी म्हणाली. तो एकदम आदराने मागे सरला. तिने काय सांगितलं ते मी विचारलं नाही. औषधी असल्याचं सांगितलं असावं, असा माझा अंदाज आहे.

खऱ्या संग्राहकांची जात वेगळी. इंद्रजाल 1964 मध्ये निघालं आणि 1990 मध्ये बंद पडलं. त्या मधल्या अंकांसाठी माणसं आज बरीच रक्कम मोजतात. मात्र अट अशी, की अंक कोणी फारसा हाताळलेला नसावा. पिना गंजलेल्या नकोत, मुखपृष्ठावर नाव नको, कोड्याची जागा भरलेली नको. म्हणजे ज्या अंकाने कुणालाही आनंद दिला नाही, त्याची किंमत सर्वांत जास्त. माझ्या पेट्यांतला माल या बाजारात कुचकामी आहे. त्यातली निम्मी पुस्तकं फिरत्या वाचनालयांतून आलेली. त्यांच्यावर जांभळे शिक्के आहेत, ‘पाने फाडू नयेत’ ही सूचना आहे, आणि ती सूचना असलेलं पान अर्धं फाटलेलं आहे. एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलंय. दुसऱ्या वाचकाने ते खोडून तिसरंच नाव लिहिलंय. मी शेवटपर्यंत वाचलं. दोघंही खोटं बोलत होते.

आणि कित्येकांचा शेवटचा फर्माच गळालेला. सोळा पानं गेली की रहस्यकथेचं काय उरतं? प्रेत उरतं, संशयित उरतात, नायक सिगारेट पेटवून ‘आता माझ्या लक्षात आलं’ म्हणतो, आणि पुस्तक संपतं. शहरात असताना असली प्रत मी हातात धरली नसती. काठीत आल्यावर तिची खरी मजा कळली.

हिवाळ्यात संध्याकाळनंतर शेकोटीभोवती माणसं बसतात. तिथे एकदा मी शेवट नसलेली एक रहस्यकथा सांगितली. मुंबईतला बंगला, म्हातारा शेठ, मृत्युपत्र, पुतणे, नोकर, मध्यरात्रीची किंकाळी. नायकाच्या लक्षात येतं तिथे थांबलो आणि म्हणालो, पुढची पानं नाहीत. शहरात लोक चिडले असते. इथे कुणाला त्याचं काही वाटलं नाही. गोष्टीला छापील शेवट असलाच पाहिजे असं ज्यांनी कधी मानलं नाही, ती ही माणसं. देवमोगरा मातेच्या, राजा पांठाच्या गोष्टी रात्ररात्र सांगितल्या जातात, आणि झोप आली की उरलेलं उद्या. एका म्हाताऱ्या कारभाऱ्यांना मात्र एक गोष्ट खटकली. “एवढी माणसं घरात होती, तर पंच का नाही बसवले?” त्यांनी विचारलं. “रात्रभर बसवले असते तर खुनी आपणहून बोलला असता.” त्यावर वाद झाला. तिसऱ्या दिवशी तडजोड म्हणून पुतण्याला दोषी ठरवण्यात आलं, नोकर सुटला.

भयकथांचा मात्र पार बोजवारा उडाला. धारपांनी परदेशी भुतांना मराठी वाड्यांत, माजघरांत असं रुळवलं की ती इथलीच वाटू लागली. त्यांच्या कथेच्या प्रेरणेतून 2018 साली ‘तुंबाड’ आला, तो इथल्या पोरांनी मोबाईलवर पाहिलाय. म्हणून मोठ्या उमेदीने मी धारप काढले. बंद खोली, जिन्याखालचा अंधार, वरच्या मजल्यावर पावलांचा आवाज. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली, पण ती निराळीच निघाली. “एवढ्या खोल्या कशाला बांधल्या?” एकाने विचारलं. “एकच खोली असती तर जे काय असेल ते दिसलं असतं.” भुताला लपायला जागा घरवाल्यांनीच करून दिली, असा निकाल लागला. बांबूच्या कुडाच्या, मधे भिंत नसलेल्या घरात जिना सांगून भीती घालणं कठीण आहे. ज्यांच्या रात्री खरोखरच काळ्या असतात त्यांना शाईचा काळोख पुरत नाही.

आणि खरी भयकथा तर इथून डोळ्यांसमोरच्या डोंगरांत आहे. धडगाव तालुक्यातल्या अस्तंब्याच्या शिखरावर अश्वत्थामा राहतो, असं मानतात. कपाळावरची जखम भळभळते आणि तो वाटसरूंकडे तेल मागत हिंडतो. धनत्रयोदशीच्या सुमारास हजारो माणसं रात्रीतून तो डोंगर चढतात. याच दिवसांत शहरात ‘नवल’, ‘धनंजय’ असे गूढकथांचे दिवाळी अंक बाजारात येतात. अनंत अंतरकरांनी 1954 मध्ये ‘नवल’ काढलं, तेव्हापासून मराठी मध्यमवर्ग फराळाची बशी मांडीवर घेऊन भुतं वाचतो आहे. मला दोन्ही आवडतं, पण चकली खाता खाता अश्वत्थामा भेटत नाही, हेही मान्य करायला हवं.

पेट्यांतला सगळ्यांत लाडका गृहस्थ म्हणजे महाबली वेताळ. ली फॉकने 1936 मध्ये त्याला जन्म दिला. इंद्रजालने त्याला मराठीत आणलं आणि आमच्या विक्रमाच्या खांद्यावरच्या वेताळाचं नाव या घट्ट कपड्यांतल्या गोऱ्या साहेबाला देऊन टाकलं. आमच्याकडे कुणी तक्रार केली नाही. चांदोबातला शंकरनी रेखाटलेला वेताळ आणि कवटीच्या गुहेतला हा वेताळ, दोघंही एकाच पोराच्या उशाशी सुखाने नांदले.

एका सातवीतल्या मुलाला मी मोठ्या विश्वासाने एक अंक दिला. पानं स्वच्छ हातांनी उलट, वगैरे सूचना केल्या. त्याने अंक शांतपणे वाचला, मग एका चित्रावर बोट ठेवलं. जंगलातला एक वीर धनुष्य ताणून उभा होता.

“सर, असं धरलं तर बाण समोरच्या सागाला लागेल.”

मी तीस-पस्तीस वर्षं ते चित्र पाहत आलोय. बाण लागेल की नाही हा विचार मला कधी शिवला नव्हता. मग त्याने आणखी एक शंका काढली. जंगलात राहणारे लोक इतके आहेत, त्यांना सगळ्या वाटा माहीत आहेत, विषारी बाण आहेत, मग हा बाहेरून आलेला माणूस राजा कसा? मी म्हटलं, तो पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतो. “मग अजून गोराच कसा?” यावर ली फॉकनेही काही लिहून ठेवलेलं माझ्या माहितीत नाही. अंक मात्र त्याने लगेच परत केला नाही. आता तो आठवड्याला एक नेतो, आणि अंक परत येतो तेव्हा त्यावर शेणाचा, तेलाचा किंवा मोहाचा एखादा डाग असतो. बाजारभाव आणखी उतरला, पण वेताळाला बऱ्याच वर्षांनी खरं जंगल मिळालं.

शहाणे लोक सांगतात, सगळं स्कॅन करून टाक. बालभारतीने ‘किशोर’चे 1971 पासूनचे जुने अंक फुकट वाचायला खुले केलेत, ही फार मोठी गोष्ट केली. नेटवर्क आलं की पोरं तेही वाचतात. रहस्यकथांच्या मागे अशी कुठलीही सरकारी छत्री नाही. शेकडो पुस्तकांची शेवटची प्रत आज कुणाच्या तरी माळ्यावर, कुकरच्या खोक्यात पडून असेल, आणि वाळवीला वाङ्मयीन दर्जा कळत नाही.

तेव्हा यंदा दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ती खोकी एकदा उघडा. अर्नाळकर, नाईक, धारप निघाले तर शेवटचा फर्मा शाबूत आहे का बघा. असेल तर जपून ठेवा आणि कुणातरी पोराला वाचायला द्या. नसेल तर काठीची एसटी गाठून इकडे पाठवा. शेवट काय करायचा ते आमचे कारभारी बघून घेतील.