न रुसणारा उमराव

मानपानावरून रुसणं ही कला असेल, तर ऑर्मंडचा ड्यूक जेम्स बटलर हा आयरिश उमराव तिच्यात अगदीच ढ निघाला. अंगात पाणी नव्हतं असं नाही. १६३४ साली डब्लिनच्या पार्लमेंटच्या दारात उमरावांच्या तलवारी काढून घेत होते, तेव्हा ऐन तारुण्यातल्या या गृहस्थाने, तलवार हवी असेल तर ती पोटात मिळेल, असं दारावरच्या अधिकाऱ्याला ऐकवलं आणि तलवारीसकट आत जाऊन बसला. पुढे राज्य गमावलेल्या इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सबरोबर परागंदा होऊन ददातीत वर्षं काढली. राजाला राज्य परत मिळालं, याला ड्यूक केलं, आयर्लंडचा कारभार दिला आणि १६६९ मध्ये दरबारी कानगोष्टींपायी तो काढूनही घेतला.

पुढच्याच वर्षी डिसेंबरातल्या एका रात्री लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर टॉमस ब्लड नावाच्या पुंडाच्या टोळीने त्याला बग्गीतून ओढून घोड्यावर बांधलं. टायबर्नला नेऊन फासावर लटकवायचा बेत होता. साठीच्या ड्यूकने झटापट करून स्वारासकट स्वतःला खाली पाडून घेतलं, म्हणून वाचला. १६७१ मध्ये याच ब्लडने थेट राजमुकुटावर हात मारला, आणि राजाने त्याला माफी देऊन वर आयर्लंडात जमीन दिली! ड्यूकनेही माफ करावं, असा निरोप आला. राजाला मुकुटाची चोरी माफ करता येते, तिथे माझ्या जिवाची काय कथा, असं तो म्हणाला म्हणे.

मला लोभ आहे तो मात्र त्याच्या पडत्या काळाचा. राजा बोलेनासा झाला. दुसरा कुणी किलकेनीच्या आपल्या गढीत जाऊन बसला असता. हा रोज दरबारात हजर, तगादा न लावता कुळाच्या ओटीवर येऊन बसणाऱ्या सावकारासारखा. नजरानजर झाली की राजाच इकडेतिकडे बघू लागे. अखेर ड्यूकचा वैरी बकिंगहॅम यानेच राजाला विचारलं, की खप्पामर्जी नक्की कुणाची कुणावर झाली आहे, कारण ओशाळलेले तर आपण दिसता. एका कर्नलने ड्यूककडे गाऱ्हाणं केलं, की दरबारात देव आणि तुम्ही यांच्याखेरीज मला कुणी नाही. ड्यूक कळवळला: तिथे ज्यांना कुणी विचारत नाही, असे नेमके दोघेच गाठलेस की रे!

शेवटी राजाच दमला. नाराज करायचे सगळे उपाय थकले, हा काही नाराज होत नाही, तेव्हा परत घ्यायलाच हवा, असं म्हणत १६७७ मध्ये आयर्लंड पुन्हा त्याच्या हवाली केलं. १६८० मध्ये थकल्या-भागल्या सैनिकांसाठी त्याने डब्लिनजवळ किल्मेनहॅमला मोठा आश्रम बांधायला घेतला. त्याच वर्षी थोरला मुलगा ऑसरी गेला. इतरांच्या जित्या मुलांच्या बदल्यातही हा गेलेला मुलगा मी देणार नाही, एवढंच म्हातारा म्हणाला. किल्मेनहॅमच्या त्या इमारतीत आता आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. तिथली चित्रं ड्यूकला ओ की ठो कळली नसती, पण रोज जाऊन त्यांच्यासमोर उभा मात्र राहिला असता.