सोमवारपासून नक्की

बदलापूर गावात सध्या दोन गोष्टींना तोटा नाही. नव्या इमारतींचे फलक आणि सोमवारपासून व्यायाम सुरू करणारी माणसं. फलकावर जिम असतेच, काचेतून डोंगर दिसणारी. ताबा मिळाला की वर्षभरात त्याच जिममध्ये गणपतीचं मखर आणि सोसायटीच्या जादा खुर्च्या राहायला येतात.

विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘इच्छा आहे हो, पण मोटिव्हेशन येत नाही.’ येत नाही म्हणजे? ते काय कर्जतहून सुटून वांगणीला सिग्नलला अडकलंय?

गंमत म्हणजे हाच गृहस्थ रोज पहाटे अंधारात घर सोडतो, फलाटावर नेमक्या त्याच खांबाशी उभा राहतो आणि गाडी थांबायच्या आत डब्यात शिरतो. अंबरनाथकराची तर कमालच. त्याला जायचं असतं मुंबईला, पण खिडकी मिळावी म्हणून तो आधी उलटा बदलापूरला येतो. त्यासाठी अर्धा तास आधी उठतो आणि इथे आल्यावर बदलापूरकरांची बोलणी खातो, ती वेगळीच. त्याला कुणी सुविचार पाठवला होता? ‘आज मूड नाही, उद्याची लोकल पकडू’ असं तो कधी म्हणतो का? लोकलला वेळ असते, फलाट असतो आणि उशीर झाला की लेटमार्क असतो. मूडची चौकशी तिथे कुणीच करत नाही.

हे नुसतं नाक्यावरचं शहाणपण नव्हे. इंग्लंडमध्ये विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्याला हृदयविकाराची भीती आणि व्यायामाचे फायदे वाचायला दिले. तिसऱ्यालाही तेच दिलं, पण वर ‘कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे’ हे लिहून घेतलं. आठवडाभरात पहिल्या गटातल्या ३८ टक्के मुलांनी व्यायाम केला, तिसऱ्यातल्या ९१ टक्के मुलांनी. आणि ज्यांना फक्त प्रेरणा पाजली होती ते? ३५ टक्के! म्हणजे काहीच न सांगितलेली मुलंसुद्धा त्यांच्या पुढे. सकाळी सहाला सोसायटीच्या ग्रुपवर सूर्योदयाचा फोटो टाकून घाम गाळायला सांगणाऱ्या आणि लगेच कूस बदलणाऱ्या काकांनी हा आकडा देव्हाऱ्याजवळ लावावा.

आता थोडं मनापासून. पहाटे जाऊन रात्री नऊ-दहाला परतणाऱ्याला ‘इच्छाशक्ती वाढवा’ म्हणणं हा चावटपणा आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. बदलापूर-मुंबई जाण्यायेण्यात एका दिवसात त्याहून जास्त मिनिटं जातात, तीही एका पायावर. त्या माणसाला आधी झोप द्या.

पण बाकीच्यांचं काय? गावातून स्टेशनला जायला शेअर रिक्षाच्या रांगेत तिष्ठणारे, फलाटावर सरकता जिना बंद दिसला की रेल्वेला शिव्या घालणारे, आणि उल्हास नदीकडे फिरायला म्हणून स्कूटर काढणारे! स्कूटर लावायची, पुलावर उभं राहून कणीस खायचं, सेल्फी काढायचा, परत यायचं. याला घरी ‘वॉकला गेलो होतो’ म्हणतात.

या चर्चेत एक माणूस मात्र कधीच नसतो. परतीच्या लोकलमध्ये मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलणारी बाई. तिच्या मोटिव्हेशनवर अजून कुणी व्याख्यान ठेवलेलं नाही. आमच्या ओळखीच्या एकीला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. वेळ ठरवून टाका, असा आमचा ताजा सल्ला मी लगेच पुढे केला.

‘चार-चाळीसला उठते,’ ती म्हणाली. ‘त्याच्या आधीची कुठली असेल तर सांगा.’