द्वंद्वगीत, वगैरे

(रंगमंचावर खुर्ची, गुलाबाची टोपली, सुई-दोरा. कलाकार हार ओवत येतो. मोबाइल वाजतो. नाव बघून कट करतो.)

मी शिर्डीचा. एवढं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "व्हीआयपी पास मिळेल का?" आणि दुसरा, "दोन मिळतील का?"

धंदा हार-फुलांचा. काकड आरतीला दुकान उघडायचं, शेजारती झाली की बंद करायचं. बायको झेडपीच्या शाळेत मराठी शिकवते. लग्नाला चौदा वर्षं झाली. त्यात आम्ही दोघं एकाच वेळी जागे होतो, असा हिशेब काढला तर चौदा महिने भरायचे नाहीत.

तर आजचा विषय प्रेम. आणि गुरू एकच, 'शुक्रतारा'! 1962 सालचं गाणं. कवी पाडगावकर, वेंगुर्ल्याचे. संगीतकार श्रीनिवास खळे, बडोद्यात वाढलेले. अरुण दाते इंदूरचे. सुधा मल्होत्रा दिल्लीच्या. चौघांत नगर जिल्ह्याचा एकही नाही. म्हणून तर गाणं पूर्ण झालं! आपला एक जरी असता ना, पहिल्या कडव्यानंतर बांध कुणी कोरला यावरून राहात्याच्या कोर्टात तारीख पडली असती.

मी हे गाणं गणेशोत्सवाच्या स्पर्धेत म्हटलं होतं. परीक्षकांचं नाव घेत नाही. माइकवर म्हणाले, "आज शुक्राला ग्रहण लागलं." हार आजही माझ्याकडूनच नेतात. नऊ वर्षं झाली, मी त्यांना कालचाच देतो.

(मोबाइल. कट.)

धडा पहिला. आमचं पोरगं सहावीत. म्हणालं, "पप्पा, शुक्र तारा नाहीच. ग्रह आहे." म्हटलं, बाळा, लग्नाआधी मलाही तारेच दिसायचे. पोरगं पुस्तकच घेऊन बसलं. "लांबून शांत दिसतो, पण तिथं साडेचारशे अंशांच्या वर तापमान आहे." आतून तिची हाक आली, "गॅस सिलेंडरचा नंबर लावला का?" म्हटलं, बरोबर आहे पुस्तक.

"पप्पा, शुक्र स्वतःभोवती फिरायला 243 दिवस घेतो आणि सूर्याभोवती 225. म्हणजे तिथं एक गिरकी वर्षापेक्षा मोठी!" म्हटलं, हे मी भोगलंय. नागपूरचे मामा मुक्कामी होते तेव्हा.

(मोबाइल. या वेळी उचलतो. मामांचा आवाज.) "जवाईबापू! निंगालो बरं का! समृद्धीनं! पाच जन हावो. पास पाहून ठेवजा!"

हे बायकोचे मामा. पूर्वी नागपूरहून शिर्डी म्हणजे रात्रभराचा प्रवास. माणूस दहादा विचार करायचा. 11 डिसेंबर 2022ला समृद्धी महामार्गाचं उद्घाटन झालं. नागपूर ते शिर्डी, 520 किलोमीटर, सरळ रस्ता. 12 तारखेला मामा दारात! "जवाईबापू, काय रोड आहे! कुठी वळाचंच काम नाही!" म्हटलं, मामा, मध्ये कुठं वळला असता तरी चाललं असतं.

पुढारी म्हणाले समृद्धीनं विदर्भ जवळ येईल. आला! माझ्या बेडरूममध्ये आला!

(उठून उभा राहतो.)

आता धडा दुसरा. हे गाणं म्हणजे द्वंद्वगीत. बघा हं, मराठी भाषा किती प्रामाणिक! दोघांनी मिळून गायचं, त्याला नाव द्वंद्व. आणि भीम-जरासंधाचं झालं तेही द्वंद्वच!

बायकोला म्हटलं, हे कसं काय? ती मराठीची बाई. लगेच खडू घेतल्यासारखी उभी राहिली. "द्वंद्व समासाचे तीन प्रकार. इतरेतर द्वंद्व. फोड करताना 'आणि' येतो. आई-वडील, आई आणि वडील." म्हटलं, हे लग्नाचं पहिलं वर्ष. मी आणि तू!

"वैकल्पिक द्वंद्व. फोडीत 'किंवा'. खरं-खोटं, खरं किंवा खोटं." हे पाचवं वर्ष. या घरात एक तर मी राहीन, किंवा तू!

"आणि समाहार द्वंद्व. चहापाणी. चहा, पाणी, वगैरे." (थांबतो.) वगैरे! मंडळी, संसाराची फोड ही आहे. मी, तू, वगैरे!

आणि शिर्डीत राहणाऱ्याचं 'वगैरे' किती मोठं असतं, हे तुम्हाला पुण्यात बसून नाही कळायचं. बुधवारी रात्री सगळा महाराष्ट्र आमचा नातेवाईक होतो. गुरुवारचं दर्शन ना! बेडरूममध्ये मामा, हॉलमध्ये जळगाव, गच्चीवर सोलापूर. आम्ही नवरा-बायको स्वयंपाकघरात, सिलेंडरला डोकं टेकून. जरा प्रेमानं म्हणावं, "ऐकलंस का..." की बेडरूममधून, "जवाईबापू! रस्सा उरला काय हो?"

साईबाबांनी श्रद्धा आणि सबुरी सांगितली. मी वाटून घेतली. श्रद्धा बायकोवर, सबुरी मामांवर.

(बसतो. पुन्हा सुई-दोरा घेतो. आवाज खाली.)

आमच्या आबांचीही हीच टोपली. शेजारती झाली की आबा आणि आई दुसऱ्या दिवशीचे हार ओवत बसायचे. आबा गुलाब द्यायचे, आई दोरा ओढायची, आणि दोघं हेच गाणं गुणगुणायचे. एक कडवं त्यांचं, एक तिचं. आकाशातला शुक्र तेव्हा कधीच मावळलेला असायचा. आमच्या घरात तेव्हा उगवायचा.

आई जाऊन सात वर्षं झाली. आबा अजून गातात. आपलं कडवं म्हणतात आणि गप्प होतात. हात चालू. मग पुढचं आपलं कडवं. एकदा मला वाटलं शब्द विसरले, म्हणून मी आठवण करून द्यायला गेलो. त्यांनी हात वर केला. म्हणाले, "थांब. तिचं चाललंय."

(बराच वेळ शांत. फक्त ओवतो.)

दुसऱ्याचं कडवं चालू असताना गप्प बसणं. मला चौदा वर्षांत हे एकदाही जमलं नाही. आणि या माणसाला पलीकडे कुणी नसतानाही जमतं.

मागे एकदा रात्री आबांचं कडवं संपलं. शांतता. आणि स्वयंपाकघरातून, वह्या तपासता तपासता, माझी बायको तिथून पुढं गायला लागली. आबांची सुई थांबली. मान वर केली नाही त्यांनी. कडवं संपल्यावर एवढंच म्हणाले, "सूर जरा वर गेला." सासरा आहे शेवटी!

माझे डोळे भरून आले. इतरेतर द्वंद्व! मी आणि ती! म्हटलं, आता पुढचं कडवं माझं. घसा साफ केला, श्वास घेतला, तोंड उघडलं...

(बेडरूमकडे बघतो. मामांचा आवाज, भसाडा, टिपेला.) "थांबा जवाईबापू! हे मले येते!"

(हताश. हार प्रेक्षकांपुढे धरतो.)

वगैरे!

(अंधार.)