टायमरचं माहेर

परवा दुपारी संकेश्वरहून आक्कांचा फोन आला. माझी चौकशी नाही, सौ.ची नाही, पावसाचीसुद्धा नाही. पहिलाच प्रश्न, "सर, आमचा टायमर बरा हाय न्हवं?" लेक सासरी नीट नांदते आहे ना, हे विचारताना आवाजात जी काळजी येते, नेमकी तीच. मी म्हणालो, "एकदम खुशाल." आपण एका स्प्रिंगच्या प्रकृतीविषयी बोलतो आहोत, हे मग ध्यानात आलं.

हा टायमर आमच्या वॉशिंग मशीनमध्ये आहे. मशीन 1989 सालचं, दोन टबांचं, पगाराच्या फरकाच्या पैशांतून घेतलेलं. गडहिंग्लजमधल्या आमच्या गल्लीतलं ते पहिलंच, म्हणून न्हाणीत न जाता थेट सोप्यात बसलं. वर विणलेला रुमाल, रुमालावर फुलदाणी. आईनं हळदकुंकू वाहिलं आणि समोर पाट मांडून बसली. "मी बगतो की हितं बसून," म्हणाली. आमच्याकडच्या बायका 'मी बघते' म्हणत नाहीत. तीस वर्षं मराठी शिकवून मला हे ना शाळेत बदलता आलं, ना घरात. पाणी डावीकडं फिरलं, थांबलं, उजवीकडं फिरलं. पंधरा मिनिटं आई जागची हलली नाही.

स्वीडनच्या हान्स रॉसलिंग यांनी 2010 मध्ये एका भाषणात आपल्या आजीची अशीच गोष्ट सांगितली. घरात पहिलं मशीन आलं तेव्हा बटण दाबायचा मान आजीनं मागून घेतला आणि धुणं संपेपर्यंत ती समोर बसून राहिली. रॉसलिंग यांच्या आईला या मशीननं वेळ मिळवून दिला आणि ती लेकाला घेऊन वाचनालयात जाऊ लागली. आमच्या आईनंही वाचलेला वेळ सत्कारणी लावला. मशीनमधून निघालेलं सगळं धुणं ती पुन्हा एकदा दगडावर घासू लागली. "कॉलर निघत न्हाई त्याला," हा तिचा निकाल शेवटपर्यंत बदलला नाही.

आई गेली, मशीन मागच्या पडवीत गेलं, आणि एक दिवस गप्प झालं. पुढं कैक वर्षं त्यानं शेंगांचं पोतं ठेवायचं टेबल म्हणून इमानानं नोकरी केली. मी निवृत्त झालो तेव्हा मला काही काम नव्हतं आणि त्यालाही. मी पोतं खाली उतरवलं. सौ. म्हणाली, "अहो, तुम्हाला ट्यूबचा स्टार्टर बदलता येत नाही." खरं होतं. पण मागचं झाकण चार स्क्रूंवर होतं, आणि चार स्क्रू काढायला पदवी लागत नाही.

आत उंदरानं संसार थाटला होता. त्याच्या शेजारी सात बटणं, तीन आकडे आणि पंचवीस पैशांची दोन नाणी. ही नाणी 2011 च्या जूनअखेर चलनातून गेली. आमच्या मशीनला ती बातमी कुणी दिली नव्हती, त्यानं ती जपून ठेवली होती. कंपनीला फोन केला, तर पलीकडच्या मुलीनं मशीनचं वय ऐकून क्षणभर मौन पाळलं.

शेवटी आमच्या वायंडिंगवाल्या मिस्त्रींना बोलावलं. ड्रायर नुसताच घुं घुं करत होता. मिस्त्रींनी काठीनं खालच्या पुलीला जरा रेटा दिला आणि तो गरागरा फिरू लागला. "कंडेन्सर गेलाय," ते म्हणाले. "मोटर शाबूत हाय." सिंगल फेजच्या मोटरला आपण होऊन निघता येत नाही, डावीकडं जायचं की उजवीकडं, इथंच ती अडते. कंडेन्सर तिला पहिली दिशा देतो. निवृत्तीनंतरच्या सकाळी मी खाटेच्या काठावर बसून असतो तेव्हा सौ. जो चहाचा कप पुढं करते, तोही कंडेन्सरच, हे त्या दिवशी मला कळलं.

धुण्याची मोटर मात्र जळालेली निघाली. मिस्त्रींच्या दुकानात सगळे उसाला पाणी पाजणारे पंप. त्यांच्या रांगेत त्यांनी आमची मोटर ठेवली आणि म्हणाले, "हे पंपाचं बारकं पोरगं." आठवड्यात ती नव्या तारेची होऊन आली. ड्रायरखालचं रबर भंगारवाल्याकडच्या एका मेलेल्या मशीनचं मिळालं. झिजलेला बुश कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर करून घेतला. बेल्ट बेळगावचा. ज्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलींचं दुकान काढलं आणि पुढं नांगरापर्यंत मजल मारली, तिथं एक बेल्ट न मिळेल तर काय! आमच्या या मुलखाची लोखंडाशी सोयरीक जुनी आहे.

अडलं ते ड्रायरच्या टायमरवर. भंगारातले सगळे टायमर दातपडके. मिस्त्री म्हणाले, "संकेश्वरात एक आक्का हाईत. त्यांचं असलंच मशीन पडून हाय. इचारून बगा."

गेलो. आक्कांनी चहा दिला आणि चौकशी मांडली. घरात माणसं किती? धुणं कोण लावतं? पाणी बोअरचं की नळाचं? मशीन उन्हात तर नाही ना? मी अंग चोरून उत्तरं देत होतो. माझ्या लग्नातही मला इतके प्रश्न विचारले नव्हते. मग त्यांनी स्वतः पाना धरला, टायमर सोडवला आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत. वर किलोभर संकेश्वरी मिरची बांधून दिली. निघताना दारात म्हणाल्या, "जरा सावकाश हाय त्यो. पाच मिन्टं म्हंजे सा धरा. वराडू नका त्याला." टायमर पुल्लिंगी, तेव्हा व्याकरणानं मी घरजावई घेऊन निघालो होतो. पण लुगड्यातली ती गाठ बघून मला व्याकरण बाजूला ठेवावं लागलं.

येताना एसटीत, मांडीवर ते गाठोडं धरून, हिरण्यकेशीकडं बघत होतो. आंबोलीत उगम पावलेली ही नदी आजऱ्यावरून आमच्याकडं येते आणि आमच्याकडून संकेश्वराकडं जाते. आमच्या घाटावर पिढ्यानपिढ्या बायांनी धुणी धुतली, त्यांचा फेस बिचाऱ्या संकेश्वरकरांकडं वाहत गेला. 1956 मध्ये राज्यांची वाटणी झाली, मध्ये सीमा आली, वाद कोर्टात गेला. फेसानं कधी सीमा पाहिली नाही. त्या सगळ्या फेसाची परतफेड म्हणून आज एक टायमर प्रवाहाच्या उलट वर येत होता.

नवं मशीन घेतलं असतं तर एक मुलगा खोकं ठेवून, सही घेऊन गेला असता. त्या मशीनला माहेर नसतं. आता आमच्या मशीनचे पाहुणे चार गावांत आहेत, आणि त्यातली विहीण दर पंधरा दिवसांनी फोन करते.

या टायमरला वीज लागत नाही. बटण पिळलं की आतली स्प्रिंग आवळते, ती उलगडत जाते, चक्रं फिरतात आणि शेवटी टिंग करून घंटा. म्हणजे वीज गेली, मोटर थांबली, तरी हा आपला टिकटिकत राहतो. पोरं पिकनिकला गेलेली असताना शिपायानं वेळेवर तासाची घंटा द्यावी, तसा.

तर परवा आक्का फोनवर म्हणाल्या, "जरा ऐकू द्या की त्याचा आवाज." मी दोन टॉवेल ड्रायरमध्ये टाकले, बटण पिळलं आणि मोबाइल मशीनजवळ धरला. सौ. दारात येऊन उभी राहिली, काही बोलली नाही. ड्रायरनं सूर धरला. दुसऱ्या मिनिटाला वीज गेली. पडवीत नुसती टिकटिक उरली.

"बंद पडलं काय ओ?" आक्का घाबरल्या.

"लाईट गेली. टायमर चालू आहे."

"असणारच," त्या म्हणाल्या. "आमच्या घरातला हाय त्यो."

मग आम्ही तिघंही गप्प राहून वाट बघत राहिलो. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं झाली. बरोबर सहाव्या मिनिटाला घंटा वाजली. पलीकडून समाधानाचा एक मोठा श्वास ऐकू आला.

टॉवेल तसेच ओले होते.